गांजा कायदेशीर झाला तर? सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चिक्कोडी-बेळगाव पट्ट्यात फौजदारी वकिली करतो. घर निपाणीकडचं, तंबाखूवर वाढलेलं. कोर्टाबाहेर चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा लोकांनी माझ्याकडं हा विषय काढलाय. विचारणारे तीन प्रकारचे: उसाचं बिल अडकलेला शेतकरी, पोराच्या खिशात पुडी सापडलेली आई, आणि मोबाइलवर थायलंडचे व्हिडिओ बघितलेला पोरगा. तिघांना वेगवेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. कायदा आहे तसा सांगितलाय, मतं माझी.

आज कायदा नेमका काय आहे?

१४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू आहे. गांजा पिकवणं, बाळगणं, विकणं, नेणं आणि ओढणं, सगळा गुन्हा. शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण: १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण: १० ते २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. चरसाला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. नुसता ओढताना सापडलात तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो.

व्यापारी प्रमाणात जामीन म्हणजे दगडावर डोकं आपटणं. आरोपी दोषी नसावा आणि बाहेर आल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची आधी खात्री पटावी लागते. खटला उभा राहायच्या आत ही खात्री पटवून द्यायची.

भांग पण त्यातच येते का?

नाही, आणि इथंच बरेच जण गडबडतात. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. चरस म्हणजे राळ. पानं आणि बी शेंड्यापासून वेगळी असतील तर ती गांजा ठरत नाहीत. म्हणून उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर हेच म्हटलं: भांग चरस किंवा गांजापासून केल्याचा पुरावा नसेल तर ती एनडीपीएसमध्ये बसत नाही. त्या माणसाकडं २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा सापडला होता.

पण म्हणून शिवरात्रीला रानात घोटा घालून विकायला बसू नका. एनडीपीएसमधून सुटलात तरी राज्याचा अबकारी कायदा असतो. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो.

रोपं किती लावली तर चालतात? दोन-चार परसात?

एकही नाही. लागवडीला किलोचा हिशेबच नाही, १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

माझ्या रानात दुसऱ्या कुणी लावलं असेल तर?

आपल्या भागातला हा सगळ्यात खरा प्रश्न. उसाचा फड एकदा छातीच्या वर गेला की मालकसुद्धा आत शिरत नाही. मक्यात, तुरीतही असंच. रान वाट्यानं दिलेलं असतं, मालक बेळगावात नोकरीला, आणि एक दिवस पोलीस पाटलाचा फोन येतो.

कायद्याचं कलम ४६ सांगतं की आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्याचं कळलं तर जमीनधारकानं ताबडतोब कळवायचं. कळून गप्प बसणं हा गुन्हा. 'कळलं होतं की नव्हतं' यावरच मग सगळा खटला फिरतो. म्हणून वाट्याचा कागद करा, तोंडी नको, आणि महिन्यातून एकदा तरी बांधावरून चक्कर मारा.

कायदेशीर करण्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणता?

लोकांना वाटतं मी पैसा म्हणेन. नाही. सगळ्यात मोठा फायदा त्या पोराला, ज्याच्या खिशात चार चिलमींचा माल सापडतो आणि त्याचं पुढचं आयुष्य एका कागदाला बांधलं जातं.

एक प्रकरण सांगतो. खानापूरकडचा मुलगा, रोज पहाटे पळायला जाणारा, सैन्यभरतीची तयारी करणारा. मित्राच्या मोटरसायकलच्या डिकीत ३०-४० ग्रॅम. जामीन लगेच झाला, दंडही मोठा नव्हता. पण चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा 'तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का' या ओळीवर तो माझ्यासमोर पेन धरून बसला. बराच वेळ. शेवटी खरं लिहिलं. भरती झाली नाही. आज तो टेम्पो चालवतो.

त्याच्या पंचनाम्याची प्रत मी ठेवलीय. पूर्ण मजकूर कन्नडमध्ये, आणि खाली पंचांच्या आणि त्याच्या सह्या ठळक मराठीत. काय लिहिलंय ते सही करताना त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. अंगझडतीआधी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या अशी मागणी करायचा तुम्हाला हक्क आहे' हे सांगावं लागतं, कलम ५० तेच म्हणतं. ते सांगितलं असं कागदावर आहे. कोणत्या भाषेत सांगितलं ते नाही. आणि हा हक्क अंगझडतीपुरताच; पिशवी, डिकी, पेटी यांना लागू होत नाही. त्याचा माल डिकीत होता, त्यामुळं तोही दरवाजा बंद.

अल्प प्रमाणाला तुरुंगाऐवजी साधा दंड किंवा समुपदेशन ठेवलं तरी असे हजारो कागद तयारच होणार नाहीत. पोर्तुगालनं २००१ मध्ये असंच केलं. गांजा तिथं आजही कायदेशीर नाही, पण थोडा माल सापडला तर फौजदारी गुन्हा लागत नाही. 'कायदेशीर करणं' आणि 'गुन्हा न ठरवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला विचाराल तर आधी दुसरी व्हावी.

वजनाचा घोळ काय असतो?

हिरवी झाडं मुळासकट उपटतात. मुळांना काळी माती, खोडात पाणी, खालची जाड पानं, सगळं एका पोत्यात. पोतं काट्यावर चढतं आणि २३ किलो भरतं. कायद्यातला गांजा म्हणजे त्यातले शेंडे तेवढे. वाळवले तर चार किलोसुद्धा भरणार नाहीत. २० किलोची रेषा कुठली बाजू दाखवते यावर माणूस दोन महिन्यांनी घरी येतो की दोन वर्षांनी, हे ठरतं. बचावाचा वकील हा मुद्दा काढतोच, पण निकाल लागेपर्यंत पक्षकार हिंडलग्याच्या जेलमध्येच असतो.

पूर्वी बंदी नव्हती म्हणतात, खरं का?

खरं. आपले पणजोबा मुंबई इलाख्यात होते आणि तेव्हा गांजा परवान्यानं विकला जायचा. नगर जिल्ह्यात त्याची सरकारी देखरेखीखाली लागवड व्हायची. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं एक मोठा आयोग नेमला, हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, आणि निष्कर्ष निघाला की बेताच्या सेवनानं फारसं नुकसान दिसत नाही, पूर्ण बंदी नको, कर आणि परवाना बरा. साहेबांना महसूलही हवा होता हे विसरू नका.

मग अमली पदार्थांवरचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. भारतानं भांगेची पानं त्यातून बाहेर ठेवायला लावली आणि बाकीचं बंद करायला २५ वर्षांची मुदत घेतली. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा झाला. पुढं २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजा सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढला, आणि भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. घरात मात्र कायदा जागचा हलला नाही.

औषध म्हणून खरंच उपयोग होतो का?

होतो, पण व्हॉट्सअॅपवर म्हणतात तेवढ्या सगळ्या रोगांवर नाही. पक्कं आहे ते असं: लहान मुलांच्या दोन दुर्मीळ, हट्टी अपस्मारांवर कॅनाबिडिऑलचं (याच झाडातला, नशा न आणणारा घटक) औषध, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालेलं, केमोथेरपीनंतरची मळमळ, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा. जुनाट दुखण्यावर काहींना थोडा आराम पडतो. कॅन्सर बरा होतो असं म्हणणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, जातिफलादि चूर्णात ती असते. औषध नियमांत विषारी द्रव्यांच्या यादीत तिचं नाव आहे, म्हणून वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. ऑनलाइन विकतात ती विजया तेलं आयुष परवान्यावरची असतात. चिठ्ठी न मागता कुणी देत असेल तर तिथंच संशय घ्या.

दारूपेक्षा बराच की!

एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले, भांग-गांजा-चरस घेणारे ३ कोटींच्या आसपास, त्यातही निम्म्याहून जास्त भांगवाले. गांजाच्या अतिसेवनानं श्वास बंद पडून माणूस मरत नाही, दारूनं मरतो. घरात मारझोड कशानं होते तेही सीमाभागातल्या कुठल्याही बाईला विचारा.

पण 'बरा' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला व्यसन लागतं, आणि पोरवयात सुरुवात केली तर प्रमाण आणखी वाढतं. घराण्यात मनोविकार असेल तर गांजा तो बाहेर काढू शकतो: भास, संशय, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या आवारात एका बापाबरोबर मी अर्धा दिवस बसलोय. पोरगा खिडकीकडं बघत होता आणि बाप मला विचारत होता, 'वकीलसाहेब, केस मिटली, आता हे कसं मिटायचं?'

शेतकऱ्याला किती पैसा सुटेल? तंबाखू काढून हेच लावावं म्हणतोय.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, एवढंच आधी सांगतो.

आज गांजाला जो भाव आहे तो पिकाचा नाही, धोक्याचा आहे. जेलची भीती, लाच, लपवाछपवी, सगळं त्या किमतीत धरलेलं असतं. कायदेशीर झालं की भीती जाते, आणि भीतीबरोबर भावही जातो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात परवाने सढळ दिले आणि २०१९ पर्यंत इतका माल पिकला की राज्यात खपायचा नाही, घाऊक भाव कोसळला. कोलोरॅडोतही भाव असाच उतरला.

आणि परवाना कुणाला मिळणार? तारेचं कुंपण, कॅमेरे, नोंदवह्या, प्रयोगशाळेचा अहवाल, हे दीड एकरवाल्याच्या आवाक्यातलं नाही. तंबाखूचं आठवा. तंबाखू पूर्ण कायदेशीर पीक होतं, तरी निपाणीत भाव व्यापारीच ठरवायचा. पान वाळवून, बांधून वखारीत नेलं की तो चार पानं चुरगळणार, नाकाला लावणार, तोंड वाकडं करणार. माझ्या वडिलांना या 'तोंड वाकडं करण्याचा' राग आयुष्यभर होता. १९८१ मध्ये याच भावासाठी शरद जोशींच्या मागं हजारो शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. म्हणजे पीक कायदेशीर आहे म्हणून शेतकऱ्याला न्याय मिळतो, असं निपाणीत तरी कुणी मला सांगू नये.

फायदा व्हायचाच असेल तर नियम करतानाच ठरलं पाहिजे: लहान धारकांना राखीव परवाने, सहकारी संस्थेमार्फत खरेदी, आधी ठरलेला भाव. नाहीतर जमीन आपली, परवाना मुंबई-बेंगळूरच्या कंपनीचा, आणि आपण त्यांच्या कुंपणाआड रोजगारी.

आणि धाग्याचं हेम्प? त्यात तर नशा नसते.

याच्याबद्दल मला जास्त आशा आहे. झाड तेच, पण नशेचा घटक, टीएचसी, नगण्य. उत्तराखंडनं २०१८ मध्ये अशा लागवडीचा परवाना दिला, मर्यादा ०.३ टक्के. हिमाचलही त्याच वाटेवर आहे. हेम्पचं बी आणि तेल खाण्यात वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये मान्यता दिली. तीन-चार महिन्यांचं पीक, पाणी उसाच्या मानानं फारच कमी. धाग्यापासून कापड, दोर, कागद. गाभ्यापासून चुन्यात मिसळून भिंतींचे ठोकळे.

आपल्याकडं हे कसब परकं नाही. माझे आजोबा अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. दहा-बारा दिवसांनी असा वास सुटायचा की त्या वाटेनं कुणी जायचं नाही. मग सोलून वाख काढायचा, आपटून धुवायचा, आणि मांडीवर दोर वळायचा. हेम्पचंही तेच आहे, फक्त आता ते यंत्रानं करतात. ते यंत्र जिल्ह्यात नसेल तर धागा काढणार कुठं, हा प्रश्न परवान्याइतकाच मोठा.

दोन अडचणी लक्षात ठेवा. आपल्या उन्हात टीएचसी मर्यादेच्या वर गेलं तर उभं पीक नष्ट करावं लागतं. म्हणून इथल्या हवेला सिद्ध झालेलं बी हवं. दुसरी, नर झाडाचा पराग वाऱ्यानं फार लांब जातो. शेजारी कुणी औषधी लागवड केली तर त्याच्या फुलोऱ्यात बी धरणार आणि त्याचा माल मातीमोल. बांधाची भांडणं आपल्याकडं आधीच कमी आहेत का?

सरकारला महसूल मिळेल ना?

मिळेल. कोलोरॅडोनं १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, तेव्हापासून कराची रक्कम २ अब्ज डॉलरच्या वर गेली, त्यातला काही भाग शाळांच्या इमारतींना ठरवून दिलेला. पण आपलं सरकार दारूच्या पैशाचं काय करतं ते आपण बघतोच.

थायलंडमध्ये तर सगळं खुलं आहे!

होतं. जून २०२२ मध्ये खुलं केलं, नियम नीट केले नाहीत, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणून ठेवलं. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून सावध वाट धरली: प्रौढाला बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगता येतो, घरी तीन झाडं लावता येतात, दुकान नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून दुकानं आहेत. चोरटा बाजार बराच आटला, पण गांजाची चॉकलेटं खाऊन दवाखान्यात येणारी लहान मुलं वाढली.

कर्नाटकानं परवानगी दिली आणि महाराष्ट्रानं नाही, तर आपलं काय?

आपली गोची. लागवडीचे परवाने द्यायचा अधिकार राज्याकडं आहे, त्यामुळं हे होऊ शकतं. गोव्याची दारू चोर्ला घाटातून आणताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: बाटली तीच, घाटाखाली कायदेशीर, घाट चढल्यावर बेकायदा. उद्या कर्नाटकातल्या बेळगुंदीचं रान परवान्याचं आणि शेजारच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीला ट्रॅक्टर गेला की गुन्हा. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात असलेल्या भागाला नियम करताना कुणी विचारत नाही, हे १९५६ पासून चाललंय.

जत्रेत, मठात चालतं ते कसं?

यादगीर जिल्ह्यात तिंथणीच्या मौनेश्वराला गांजा प्रसाद म्हणून देतात, साधूंची चिलीम आपणही पाहिलीय. कायद्यात धर्माची सूट नाही. कारवाई होत नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

मुलगा ओढतोय असं वाटतं. पोलिसांत सांगू का?

पोलिसांत नको, आधी डॉक्टरकडं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. उपचारासाठी आपणहून पुढं येणाऱ्या व्यसनी माणसाला, माल थोडाच असेल तर, कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम पालकांना क्वचितच माहीत असतं. आणि पोराला मारू नका, मावशी. मारलेली पोरं नंतर माझ्या ऑफिसात येतात.

मी रानात ताग टाकलाय. इंग्रजीत त्याला सन हेम्प म्हणतात म्हणे. परवाना लागेल का?

नाही हो. ताग वेगळं झाड, शेंगवर्गातलं, हिरवळीच्या खताचं. अंबाडीचं तर शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, पानं भांगेसारखी दिसतात म्हणून. ताग फुलावर आला की नांगरून गाडा, आणि अंबाडीची पुंडी पल्ल्या, म्हणजे पाल्याची भाजी, करून भाकरीबरोबर खा. कुणी विचारलं तर फोन करा.